स्वच्छ गटाची मोजणी

"एकोणतीस," मी म्हटलं.

काकांनी पेन वहीवर टेकवलं, पण लिहिलं काही नाही. "परत बघ."

मी परत बघितलं. सूक्ष्मदर्शकाच्या काळ्या गोलात शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती मरायला निघाल्या आहेत ते सांगायचं, एवढंच माझं काम. मी बोलत जाते, काका लिहीत जातात. काका आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते माझ्या कोणत्याच नात्यातले नाहीत, पण अख्ख्या इमारतीचे काका आहेत.

"एकोणतीसच. डोळे फोडून बघितलं तरी एकोणतीस."

"डोळे फोडल्यावर कसली मोजतेस?" असं म्हणत काकांनी ड्रॉवरमधली यादी काढली. नळीवर फक्त नंबर असतो. तो कोणाचा ते यादी सांगते, आणि यादी मोजणाऱ्यापासून लपवून ठेवायची असा नियम आहे, नाहीतर डोळा आपल्याला हवं तेवढंच मोजतो. काकांनी नंबर शोधला, चष्मा वर केला, परत खाली केला. "ऑफिस," ते म्हणाले.

"ही पण?"

"ही पण."

ऑफिसच्या वीसपैकी ही सतरावी नळी होती, आणि सतराच्या सतरा तशाच निघाल्या होत्या.

गोष्ट अशी होती. गावाबाहेर चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना आहे. पिवळे आणि केशरी कप, बशा, वाडगे. तो चकचकीत पिवळा रंग झिलईतून येतो आणि झिलईत कॅडमियम नावाचा जड धातू असतो. झिलईखात्यात काम करणाऱ्यांच्या जखमा महिना महिना भरत नव्हत्या आणि तोंडातले फोड जाता जात नव्हते. तिथल्या एका ताईने पहिल्या दिवशी रक्त देताना मला सांगितलं होतं, "सर्दी आमच्याकडे घरजावयासारखी बसलीय. जायचं नाव नाही आणि दोन वेळचं हवंय." तिच्या मनगटावर भट्टीचा एक चटका होता, दोन महिन्यांपूर्वीचा, अजून ओला.

शरीराचे पहारेकरी म्हणजे या पांढऱ्या पेशी. तेच कमी पडले तर जखम भरणार कशी? म्हणून ही तपासणी निघाली. वीस माणसं झिलईखात्यातली, वीस त्याच कारखान्याच्या ऑफिसातली. ऑफिसवाले कधी झिलईला हात लावत नाहीत, म्हणून तो आमचा स्वच्छ गट. झिलईखात्याच्या पेशी शंभरात एकतीस मरताना दिसल्या. ऑफिसच्या पाच-सहा दिसल्या असत्या, तर कारण उघड झालं असतं. पण ऑफिसच्याही निघाल्या एकोणतीस. फरकच नाही. आणि फरक नाही म्हणजे अहवालात एकच वाक्य येणार: झिलईचा काही परिणाम आढळला नाही. महिनाअखेरीला अहवाल द्यायचा होता. हातात तीन आठवडे होते.

*

"मी तुला दोष देत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

असं म्हणून जे देतात तो दोषच असतो.

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलताना त्या समोरच्याकडे बघत नाहीत, आकड्यांकडे बघतात. "धडधाकट माणसाच्या शंभर पेशींत पाच मरतात, फार तर आठ. एकोणतीस नाही. म्हणजे या पेशी इथे आल्यावर मेल्या. रक्त आलं त्या दोन्ही दिवशी त्यातून पेशी वेगळ्या करायचं काम तुझ्याकडे होतं. आणि मधे मधे तू..." त्या थांबल्या.

"दूध काढायला जाते," मी म्हटलं.

"हो. किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं. दिवसातून दोनदा."

माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला आम्ही गुंडी म्हणतो, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि शर्टाला लावून ठेवली असती तरी कळलं नसतं. मी सामानाच्या खोलीत, हातमोज्यांच्या खोक्यांच्या मधे, एका स्टुलावर बसून दूध काढायचे. दाराला कडी नव्हती, म्हणून बाहेर काका खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि कोणी आलं की म्हणायचे, "आत मांजर व्यायलीय, नंतर या."

"तेवढा वेळ नळ्या टेबलावर राहिल्या," मॅडम म्हणाल्या. "होतं असं. बाळंतपणानंतर हात परत बसायला वेळ लागतो. पण मला सगळीच मोजणी रद्द करावी लागेल. झिलईखात्याचीसुद्धा, कारण हात तोच. अहवालात लिहीन, नमुने खराब झाले, निष्कर्ष काढता येत नाही."

"मग झिलईखात्याचं काय होणार?"

"पुढच्या वर्षी परत अर्ज करू."

माझ्या डोळ्यांसमोर तो ओला चटका आला. आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचा हातही. हा हात पेशींना जपतो. त्यांना ढवळत नाही, हेलकावत नाही, पिपेटमधून थेंब सोडतानासुद्धा नळीच्या कडेने हळू ओघळू देतो. गुंडीला झोपलेली पाळण्यात ठेवताना मी जे करते, तेच मी त्यांच्याशी आधी सहा वर्षं करत आलेले.

"मॅडम, त्या खराब झाल्या असत्या तर लाल दिसल्या असत्या."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

हे जरा समजावून सांगते. पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे ती फुटते. ऊन लागलं, धक्का लागला, कोणी हयगय केली, की ती फुगते, भिंत फाटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. दुसरी तऱ्हा निराळी. तिच्या आत मरणाचा एक हुकूम मुळातच लिहून ठेवलेला असतो. हुकूम सुटला की ती आकसते, पसारा आवरते, स्वतःच्या छोट्या छोट्या पुरचुंड्या बांधते आणि बाहेरच्या भिंतीवर एक खूण लावते की मी निघाले, मला उचला. काही सांडत नाही, कोणाला त्रास नाही. हा हुकूम वाईट नसतो. पोटातल्या बाळाचा हात आधी एखाद्या वल्ह्यासारखा सलग असतो. मग बोटांच्या मधल्या पेशी हुकूम मानून निघून जातात आणि पाच बोटं सुटी होतात. गुंडी माझं बोट मुठीत धरते तेव्हा मला दर वेळी त्या गेलेल्या पेशींची आठवण होते.

आम्ही दोन रंग वापरतो. हिरवा रंग त्या बाहेरच्या खुणेला चिकटतो. लाल रंग फक्त फाटलेल्या भिंतीतून आत शिरतो. फुटलेली पेशी लालभडक दिसते. हुकमाने निघालेली पेशी काळोखात हिरव्या बांगडीसारखी दिसते.

"ऑफिसच्या पेशी सगळ्या हिरव्या आहेत," मी म्हटलं. "लाल शंभरात एक, फार तर दोन. त्या माझ्या हातून मेल्या नाहीत. कोणीतरी त्यांना हुकूम दिलाय."

"नळी टेबलावर राहिली तरी हुकूम सुटू शकतो," मॅडम म्हणाल्या. "तुला खात्री आहे, पण खात्री आणि पुरावा वेगळे."

"मग पुरावा देते."

बोलून गेले आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. काका म्हणाले, "तोंडाला लगाम नाही तुझ्या. आता दे पुरावा."

*

घरी नणंद गुंडीला घेऊन फरशीवर बसली होती. ती सकाळी टपाल वर्गीकरणाचं काम करते आणि दुपारपासून गुंडी तिच्या ताब्यात असते. गुंडी नुकतीच रांगायला लागली होती. त्या दिवशी तिने खुर्चीचा पाय चाखला, वहिनीची चप्पल चाखली, म्हणजे माझीच, आणि नणंदेच्या ओळखपत्राची दोरी अर्धी गिळली.

"तुझी मुलगी प्रयोगशाळेत चालेल," नणंद म्हणाली. "जे दिसेल त्याचा नमुना घेते." माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं. "काय झालं वहिनी?"

मी सांगितलं. ती ऐकत ऐकत गुंडीच्या तोंडातून पेनाचं टोपण काढत होती.

"म्हणजे दूध काढल्यामुळे पेशी मेल्या असं म्हणतायत?"

"नळ्या टेबलावर राहिल्या म्हणून मेल्या असं म्हणतायत."

"मग ठेव ना टेबलावर! कोणाचं तरी रक्त घे आणि ठेव. मेल्या तर त्यांचं खरं, नाही मेल्या तर तुझं. यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?"

सहा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या मला जे सुचलं नव्हतं ते टपालाच्या पिशव्या उचलणाऱ्या नणंदेला सुचलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आम्हाला पण डोकं असतं हो वहिनी, फक्त त्याला एप्रन नसतो."

*

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले आणि त्यांचं रक्त मागितलं.

"माझं?"

"तुमचं, काकांचं, इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याचं आणि माझं. प्रत्येकाच्या तीन नळ्या. एक लगेच वेगळी करायची. एक माझ्या दूध काढण्याच्या वेळेइतकी, म्हणजे पंचवीस मिनिटं, टेबलावर ठेवायची. एक दोन तास. नंबर तुम्ही टाका, यादी तुम्ही ठेवा. मोजेन मी."

मॅडमनी बाही वर केली. "टोचणार कोण?"

"मीच. हात बसलाय की नाही तेही कळेल."

त्या हसल्या, पहिल्यांदाच. टोचलेलं त्यांना कळलंही नाही. कळलं ते पहारेकऱ्याला. एवढा आडदांड, मिश्यांचा गडी, सुई बघून खुर्चीतच घरंगळला. काका त्याला वारा घालत म्हणाले, "उठ रे, विज्ञानाला तुझी गरज आहे."

मी दूध काढायला गेले. मॅडम स्वतः घड्याळ लावून टेबलापाशी उभ्या राहिल्या. माझं दूध आणि त्यांच्या नळ्या, दोन्हींचं एकच घड्याळ. मग पेशी वेगळ्या केल्या, अंगाइतक्या उबदार पेटीत रात्रभर ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी रंग घालून मी मोजायला बसले. बारा नळ्या, चार तास. काकांच्या जागी मॅडम लिहीत होत्या.

"पाच."

"पुढे."

"सहा. पाच. सात. पाच."

बारावी नळी संपली तेव्हा सगळ्यात मोठा आकडा होता आठ. मॅडमनी यादी उघडली. आठ पहारेकऱ्याची, दोन तास टेबलावर राहिलेली नळी होती, आणि त्या आठांतल्या तीन लाल होत्या. पंचवीस मिनिटांच्या नळ्या पाच, सहा, सहा, पाच.

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग उठल्या आणि सामानाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "याला कडी का नाही?" त्यांनी विचारलं. त्याच संध्याकाळी सुतार आला.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी मोजणी खरी आहे. म्हणजे ऑफिसच्या त्या वीस माणसांच्या अंगात खरोखरच पेशी मरतायत. आता मला हे सांग, ज्यांनी झिलईला कधी हात लावला नाही, त्यांना हुकूम दिला कोणी?"

ऑफिसच्या रक्तातला धातू तपासलाच नव्हता. तसली तपासणी दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत होते, आणि स्वच्छ गटाचं कशाला तपासायचं, असं आम्हीच आधी ठरवलं होतं. चूक होती ती आमची, माझ्यासकट सगळ्यांची. राखून ठेवलेले नमुने मॅडमनी त्याच दिवशी तिकडे पाठवले. पण रक्तात धातू सापडला तरी तो आला कुठून, हे दाखवावंच लागणार होतं. मी आणि काका कारखान्यात गेलो.

*

ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. हेडक्लार्कना सगळे शिक्केसाहेब म्हणायचे, कारण त्यांच्या टेबलावर सतरा शिक्के ओळीत उभे असायचे आणि त्यांतला एकही वाकडा चालायचा नाही. दारातच त्यांनी आम्हाला चपला काढायला लावल्या.

"आमच्याकडे धुळीचा कण सापडला तर मला सांगा," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा पुसून घेतो. झिलईखात्यातला माणूस आत येऊ देत नाही. काही काम असेल तर खिडकीतून."

खरंच लखलखीत होतं सगळं. मी खिडक्या बघितल्या, त्या झिलईखात्याच्या उलट दिशेला होत्या. पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं, स्वच्छ. पाण्याची टाकी वेगळी. चहा आला तो कारखान्याच्याच पिवळ्या कपांतून. काका मला कोपराने ढोसत कुजबुजले, "सापडलं!" पण शिपायाने सांगितलं की ऑफिसातले अर्धे चहाच पीत नाहीत, आणि पेशी तर वीसही जणांच्या मरत होत्या. काकांनी तरी एक कप पेपरात गुंडाळून पिशवीत टाकला. नंतर तो निर्दोष निघाला आणि अजून काकांच्या टेबलावर पेनं ठेवायला आहे.

मी खुर्चीवर बसले. काही सुचत नव्हतं. शिक्केसाहेब आपल्या कामाला लागले. त्यांच्यासमोर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता. झिलईखात्यातून भांड्यांचा प्रत्येक ट्रे बाहेर निघताना त्याबरोबर एक चिठ्ठी निघते: काय, किती, कोणत्या भट्टीला. त्या चिठ्ठ्या खिडकीतून आत यायच्या आणि इथे वीसही टेबलांवर वाटल्या जायच्या. दिवसाला दोन हजार. शिक्केसाहेब चिठ्ठी उलटत होते, नोंद करत होते, चिठ्ठी उलटत होते.

गुंडी रांगायला लागल्यापासून माझ्या डोळ्यांना एक खोड लागली आहे. कोणाचाही हात तोंडाकडे निघाला की तो आधी कुठे होता ते डोळे आपोआप शोधतात. शिक्केसाहेबांचा अंगठा जिभेकडे गेला, जिभेला टेकला, चिठ्ठीवर आला, चिठ्ठी उलटली आणि परत जिभेकडे निघाला.

"छी छी! तोंडात नाही घालायचं!" मी ओरडले.

अख्खं ऑफिस थिजलं. शिक्केसाहेबांचा अंगठा हवेतच राहिला. मी ज्या सुरात ओरडले होते तो सूर फक्त आठ महिन्यांच्या मुलांसाठी असतो. काकांनी डोळे मिटून घेतले.

"माफ करा," मी म्हटलं. कानापर्यंत लाल झाले होते. "तुम्ही... तुम्ही सगळे असंच उलटता?"

उत्तराची गरज नव्हती. दुसऱ्या टेबलावरच्या बाईचं बोट ओठांवर होतं. तिसऱ्यावरच्याने तर्जनी नुकतीच जिभेला लावली होती. सगळे आपापल्या बोटाकडे बघायला लागले.

मी बरोबर आणलेल्या पेटीतून पांढराशुभ्र ओला कापूस काढला. "साहेब, अंगठा द्या."

"अहो, मी सकाळीच हात धुतलेत. साबणाने."

"द्या तर."

कापूस अंगठ्यावरून एकदाच फिरवला. त्यावर पिवळा डाग उमटला. हळदीइतका गडद नाही, फिका, एखाद्या जुन्या कागदासारखा. मी दुसरा कापूस घेतला आणि एका चिठ्ठीवरून फिरवला. तोच पिवळा.

चिठ्ठी झिलईखात्यात लिहिली जाते, झिलईने भरलेल्या हातांनी. माणूस खिडकीत अडवला होता, पण त्याच्या हातची चिठ्ठी रोज दोन हजार वेळा आत येत होती आणि थेट जिभेवर जात होती.

शिक्केसाहेब खुर्चीत मागे टेकले. "बावीस वर्षं," ते म्हणाले. मग अगदी हळू, "आम्ही पोरांना सांगतो, घाणीत हात घालू नका."

"तुम्हाला कसं कळणार होतं? आम्हालासुद्धा कळलं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला स्वच्छ गट म्हणून आम्हीच निवडलं."

तेवढ्यात खिडकीत एक डोकं आलं. झिलईखात्यातली ती ताई चिठ्ठ्या द्यायला आली होती. तोंडावर मास्क, हातात मोजे. तिने आतला प्रकार बघितला, कापूस बघितला आणि तिला सगळं कळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "आम्ही निदान मास्क तरी लावतो. हे तर चाटतात!"

*

रक्ताचे निकाल आठ दिवसांनी आले. ऑफिसातल्या वीसही जणांच्या अंगात कॅडमियम होतं, आणि शिक्केसाहेबांच्या अंगात तर झिलईखात्यातल्या ताईपेक्षाही थोडं जास्त. कापसातला पिवळा तोच धातू निघाला.

आता खराखुरा स्वच्छ गट हवा होता आणि हातात दहा दिवस होते. मी वाचनालय म्हटलं. काका म्हणाले, "नको, तेही थुंकी लावूनच पानं उलटतात." बस डेपो म्हटलं, तर डिझेलचा धूर. टपाल म्हटलं, तर नणंद स्वतःच म्हणाली की तिकिटं चाटण्यात तिची हयात गेलीय. शेवटी गायनाच्या शाळेतले वीस शिक्षक मिळाले. ते रक्त देताना सुरात ओरडले. त्यांच्या पेशी शंभरात सहा निघाल्या.

सहा विरुद्ध एकतीस. सहा विरुद्ध एकोणतीस. काकांनी तीनही आकडे फळ्यावर लिहिले आणि दोन पावलं मागे सरकून असे बघत उभे राहिले की जणू नातवाचा फोटो आहे.

मॅडमनी अहवालात एक परिच्छेद स्वतः लिहिला. "पहिला तुलनेचा गट निवडताना आमची चूक झाली. ती मोजणी करणाऱ्या तंत्रज्ञाच्या लक्षात आली." अहवाल महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी पूर्ण झाला आणि आम्ही तो घेऊन कारखान्याच्या मालकांसमोर बसलो. एका बाजूला शिक्केसाहेब, दुसऱ्या बाजूला ताई, समोर मालक.

मालक काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना काम थांबवायचं नव्हतं. "हे बघा," ते म्हणाले, "ऑफिस आणि झिलईखातं सारखंच आलं ना? म्हणजे झिलईचा दोष नाही, हवेत काही असेल, पाण्यात काही असेल..." बोलता बोलता त्यांनी पुढचं पान बघायला आपला अंगठा जिभेकडे नेला.

सगळ्यांनी श्वास धरला.

अंगठा ओठांपासून इंचभर थांबला. मालकांनी त्याच्याकडे बघितलं. दर शनिवारी आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर तेच सही करायचे. पहिल्यांदा ताई हसली, मग शिक्केसाहेब, मग मॅडम, आणि शेवटी मालकांनाही हसू आवरलं नाही. त्यांनी अंगठा रुमालाला पुसला, रुमालाकडे बघितलं आणि हसायचे थांबले.

"माझंही रक्त घ्या," ते म्हणाले. मग अहवाल बाजूला सारला. "आणि सांगा, काय काय करावं लागेल?"

ताईने ती संधी सोडली नाही. तिच्याकडे यादी तयार होती, मनात, चार वर्षांची. झिलई फवारायला काचेची बंद खोली आणि बाहेर ओढणारा पंखा. घरी जायच्या आधी अंघोळीची सोय. कपडे इथेच धुवायचे. प्रत्येकाची सहा महिन्यांनी तपासणी. शिक्केसाहेब म्हणाले, "आणि चिठ्ठी बंद. आकडे फोनवर सांगा, मी लिहून घेईन. तोपर्यंत प्रत्येक टेबलावर ओला स्पंज. ज्याचं बोट तोंडात दिसेल त्याचा मी सगळ्यांसमोर पाणउतारा करीन, माझ्यापासून सुरुवात करून."

मालकांनी सगळं लिहून घेतलं. काचेची खोली उभी राहीपर्यंत पिवळी भांडी बंद. कारखान्याने त्या हंगामात फक्त पांढरी भांडी विकली आणि म्हणे ती जास्त खपली.

*

धातू अंगातून लगेच जात नाही. मूत्रपिंडात तर तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. पण नवा आत येणं थांबलं की रक्तातला हळूहळू उतरतो, आणि रोज नव्या पांढऱ्या पेशी जन्माला येतात. प्रश्न एवढाच होता, त्यांना कोणी खोटा हुकूम देतं का.

तीन महिन्यांनी आम्ही परत रक्त घेतलं. चाळीस नळ्या, मॅडमचे नंबर, मॅडमची यादी, माझी मोजणी. दोन दिवस मी त्या काळ्या गोलात वाकून बसले. पहिल्या नळीत हिरव्या बांगड्या शोधाव्या लागल्या. दुसरीत तेच. लिहिताना काकांचं पेन आनंदी माणसासारखं चालत होतं.

शेवटची नळी झाल्यावर मॅडमनी यादीचं पाकीट फोडलं नाही. "कारखान्यात फोडू," त्या म्हणाल्या. "मोजणी तुझी आहे, वाचायचीही तूच."

जेवणाच्या सुट्टीत अंगणात सगळे जमले. झिलईखातं, ऑफिस, भट्टीवाले, कोणीतरी मला एका उलट्या खोक्यावर चढवलं. पाकीट फोडलं, नंबर जुळवले, काकांनी वहीत बेरीज केली आणि कागद माझ्याकडे दिला.

"झिलईखातं," मी वाचलं. "एकतीस होते. आता चौदा."

कोणीतरी शिट्टी मारली.

"ऑफिस. एकोणतीस होते. आता नऊ."

शिक्केसाहेबांनी टोपी काढली आणि काय करावं न सुचून परत घातली. ताईने बाही वर करून मनगट सगळ्यांना दाखवलं. चटक्याच्या जागी गुलाबी, कोरडी, नवी कातडी होती. ती प्रत्येकाला तिथे बोट लावून बघायला लावत होती.

"अहो बाई, ते आकडे राहू देत," मागून एक भट्टीवाला ओरडला. "साध्या भाषेत सांगा. यांच्या पेशी आता करतायत काय?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आकड्यांकडे नाही.

"कामावर आल्यात!" मी म्हटलं. "सगळ्या! वेळेवर!"

अंगणात जो कल्ला उठला तो ऐकून भट्टीवरचे उरलेसुरले लोकही धावत बाहेर आले, आणि त्यांच्यासाठी मला आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचावे लागले.